मेंडोलिनच्या पोटातला हात

उमरग्यात मेंडोलिनं तयार होत होती, असं मी कुणाला सांगितलं की तो आधी हसतो आणि मग काळजीनं विचारतो, मास्तर, तब्येत बरी आहे ना? उमरगा म्हटलं की लोकांना ट्रका दिसतात, तुरीची पोती दिसतात. मेंडोलिन दिसत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. पण होत होती. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर मोटारी थांबायच्या तिथून चौथं दुकान, शांतलिंग आप्पांचं. मी त्याच्या अगदी समोर, माडीवरच्या खोलीत बारा वर्षं भाड्यानं राहिलो आणि त्यातली पहिली आठ वर्षं त्या दुकानाला शिव्या देण्यात घालवली.

मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. मी शाळेत गणित शिकवायचो, तेही उर्दूतून, कारण राज्य निजामाचं होतं. संध्याकाळी वह्या तपासायला बसावं, की खाली आप्पांनी तारा चढवायला सुरुवात केलीच म्हणून समजा. मेंडोलिनला आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. जोडीतल्या दोन्ही तारा अगदी एका आवाजात बोलल्या पाहिजेत, म्हणून आप्पा एकच तार शंभरदा छेडत बसायचे. एकदा मी खिडकीतून ओरडून विचारलं की ही तार आज तरी मार्गी लागणार आहे का. आप्पांनी मान वर केली आणि शांतपणे विचारलं, तुमच्या वर्गात सात सत्ते अठ्ठेचाळीस चालतं का? त्यानंतर मी मुकाट्यानं खिडकी लावून घ्यायला लागलो.

त्यांचे वडील भजनी मंडळांसाठी वीणा आणि एकतारी करायचे. आप्पाही तेच करत होते. चौतीस सालच्या सुमारास एका नाटक कंपनीची मोटार उमरग्यात बंद पडली आणि टपावरचं सामान उतरवताना त्यांच्या वाजवणाऱ्याचं मेंडोलिन खाली पडून पाठीला चिरलं. कुणीतरी त्याला आप्पांकडं धाडलं. मोटारीचा भाग हैदराबादहून येईपर्यंत आठ दिवस गेले, आणि ते आठ दिवस आप्पांनी ते वाद्य उघडून, सुतळीला गाठी मारून त्याची मापं घेण्यात घालवले. वाजवणाऱ्याला त्याचं वाद्य दुरुस्त करून दिलं. शिवरात्रीपर्यंत स्वतःचं पहिलं तयार झालं. ते पपईसारखं दिसत होतं, असं त्यांची बायको पार्वतम्माच सांगायची. पण वाजत होतं. मग गुलबर्ग्याच्या उरुसातले कव्वाल आले, सोलापूरचे बँडवाले आले, तमाशाचे फड आले. वर्षाला दहा-बारा मेंडोलिनं त्या एवढ्याशा दुकानातून बाहेर पडायला लागली.

आप्पा आणि पार्वतम्मा, दोघंच. मूलबाळ नव्हतं. ती कन्नड बोलायची, आप्पा मराठीत उत्तर द्यायचे, आणि दोघांचं भांडण मला अर्धंच कळायचं. चंद्रसाचं रोगण लावून लाकूड घासायचं काम तिचं होतं. दुकानात गिऱ्हाईक असलं की ती बोलायची नाही, पण आप्पांचं काही चुकलं की घासणं थांबवायची. ते थांबलं की आप्पा हातातलं काम पुन्हा तपासून बघायचे.

आप्पांचा एक नियम होता आणि त्यासाठी ते कुणाशीही वाद घालायला तयार असत. वाद्याला नवं लाकूड लावायचं नाही. पंचवीस-तीस वर्षं ऊन, पाऊस आणि चुलीचा धूर खाल्लेलं लाकूड पाहिजे. म्हणून ते जुनी दारं, उंबरे, मोडके पलंग विकत घेत. दाराच्या जाड फळीतून करवतीनं पातळ पापुद्रा काढून त्याची ते मेंडोलिनची पाठ करायचे. आणि यातली खरी गोष्ट पुढंच आहे. दाराची जी बाजू घराच्या आत असायची, तिला ते रंधा लावायचे नाहीत. कडेला सरस धरावा म्हणून बोटभर पट्टी साफ करायची, बाकी धुरानं काळवंडलेली बाजू आहे तशी वाद्याच्या आत ठेवायची. आवाज त्या बाजूनं उठतो, असं त्यांचं म्हणणं. खरं-खोटं देव जाणे. पण मेंडोलिनच्या मधल्या गोल भोकातून आत डोकावलं की कुणाच्यातरी घरचा धूर दिसायचा, खिळ्यांची भोकं दिसायची, कधी कुंकवाची बोटं दिसायची.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला. त्या उन्हाळ्याबद्दल आता लोक मोठ्या आवाजात बोलतात. तेव्हा कुणी बोलत नव्हतं. टोळ्या फिरत होत्या, गावं लुटली जात होती. माकणीकडची, तेरणेच्या काठची कितीतरी घरं रिकामी झाली. माणसं गाठोडी घेऊन सरहद्द ओलांडून सोलापूरकडच्या छावण्यांत गेली. लुटणारे कोण होते यावर आजही वाद घालणारे आहेत. मी एवढंच सांगतो की रिकाम्या घरांतलं सामान उचलायला नंतर जे हात पुढं आले, ते एका जातीचे नव्हते आणि एका धर्माचेही नव्हते.

बंडप्पा नावाचा एक गाडीवाला होता. तो दर आठवड्याला बैलगाडी भरून दारं आणायला लागला. एका गाडीत सात-आठ दारं, चौकटी, खुंट्या, फडताळाच्या झडपा. आप्पांनी उभ्या आयुष्यात एवढं जुनं लाकूड एका जागी पाहिलं नव्हतं. ते फळ्यांवर टिचकी मारत, कान लावत आणि सणासुदीला असावा तसा चेहरा करून फिरत. मी एकदा म्हटलं, आप्पा, एवढी दारं येतात कुठून? ते म्हणाले, असतील मोडकी घरं. मी म्हटलं, व्हय, असतील. आणि त्याच गाडीतून मी माझ्या खोलीतल्या फडताळासाठी दोन झडपा घेतल्या. अगदी नीट बसल्या. दुसऱ्याला नावं ठेवायची मला भारी हौस आहे, म्हणून हेही इथं लिहून ठेवतो.

ज्येष्ठाच्या अखेरीला आलेल्या एका गाडीत दोन फळ्या अशा निघाल्या की आप्पांनी मला खाली बोलावून दाखवल्या. एका फळीवर हळदकुंकवात बुडवलेल्या उजव्या हाताचा थापा होता, दुसऱ्या फळीवर डाव्या. आमच्याकडं लेक सासरी निघाली की माहेरच्या दारावर आतून दोन्ही हातांचे थापे उमटवते, आणि घरचे ते पुसत नाहीत. हळद अजून ताजी वाटत होती. पार्वतम्माचं घासणं थांबलं. ती कन्नडमध्ये काहीतरी बोलली. आप्पांनी मला सांगितलं, ती म्हणते नवरीचे हात हायेत, कापू नका. मग तिच्याकडं वळून ते म्हणाले की मी हात कुठं कापतोय, हात सोडून कडेनं कापतोय.

त्या दोन फळ्यांची त्यांनी दोन मेंडोलिनं केली. जोडीची. एकात पाठीच्या बरोबर मध्ये उजवा हात, दुसऱ्यात डावा. त्यांना ते शुभ वाटलं होतं, लक्ष्मीचे हात म्हणाले ते. मला खोटं बोलायचं नाही, मलाही ते सुंदर वाटलं होतं. डाव्या हाताचं मेंडोलिन गुलबर्ग्याचे मौलासाब म्हणून कव्वाल होते, ते घेऊन गेले. उजव्या हाताचं दुकानात खुंटीला राहिलं.

भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. फौजा आल्या, मिरवणुका निघाल्या, शाळेवर दुसरा झेंडा लागला. आणि मग छावण्यांतली माणसं परत यायला लागली. त्यातली बरीचशी उमरग्याच्या रस्त्यानं जायची. दुकानातून बसल्या बसल्या ती दिसत. आप्पांनी त्या दिवसांत एकही जुनं दार घेतलं नाही. बंडप्पाही दिसेनासा झाला होता.

कार्तिकात एक दिवस सकाळी एक बाई रस्त्याच्या प्रत्येक दुकानात शिरताना मला खिडकीतून दिसली. शिरायची, काहीतरी विचारायची, बाहेर यायची. चाळिशीची असेल. पायात काही नव्हतं. तिनं आप्पांच्या दुकानाच्या उंबऱ्याबाहेरून विचारलं, "आप्पा, तुमी जुनी दारं घेता म्हनं. म्या माजं दार हुडकत आलेय."

मी खाली उतरलो. का उतरलो ते माहीत नाही.

तिचं नाव धुरपताबाई. तेरणेकाठच्या एका गावची. ती बसली नाही, उभ्यानंच सगळं बोलली आणि एकदाही रडली नाही. तिची लेक कस्तुरा, सोळा वर्षांची. फाल्गुनात लग्न झालं, ज्येष्ठात दोन्ही घरं छावणीत पळाली, आणि आषाढात पटकीच्या साथीत कस्तुरा गेली. छावणीत त्या दिवशी चौदा माणसं गेली होती, तेव्हा कुणाला नीट अग्नीसुद्धा मिळाला नाही. परत येऊन बघितलं तर घराच्या भिंती जागेवर होत्या, दार नव्हतं. भांडीकुंडी गेली त्याचं काही नाही, ती म्हणाली. दाराच्या आतल्या बाजूला पोरीचे हात आहेत. तेवढंच पाहिजे. पोरीचा फोटो नाही, कपडा नाही, काही नाही.

आप्पा उठले. त्यांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता; जणू कुणी त्यांना भर रस्त्यात थोबाडीत मारली होती. त्यांनी खुंटीवरचं मेंडोलिन काढलं, तिच्या हातात दिलं आणि भोकाकडं बोट दाखवलं. तिला कळेना. मग तिनं ते डोळ्याशी नेलं, एक डोळा मिटला आणि आत बघितलं.

मी वर्गात मुलांना शिकवत आलो आहे की प्रत्येक गोष्टीला कारण असतं. त्या क्षणी मला एकही कारण सुचलं नाही. एक आई बाजाराच्या रस्त्यावर उभी राहून वाद्याच्या पोटात आपली लेक बघत होती. ती बराच वेळ हललीच नाही. भोक लहान, त्यातून तळवा आणि तीन बोटं, एवढंच दिसणार. पण तिनं ते खाली केलं तेव्हा ती म्हणाली की हो, तिचाच आहे.

आप्पांनी हात जोडले. म्हणाले, माय, घेऊन जा. ती म्हणाली की हे वाजवायचं घेऊन मी काय करू, मला त्यावर हात ठेवायचाय. फोडा.

आणि इथं आप्पांचं चुकलं. मी त्यांना दोष देत नाही, पण चुकलं ते इथंच. पटाशीचा एक घाव घालून पाठ निघाली असती. पण चौदा वर्षांत त्या माणसानं स्वतःचं एकही वाद्य फोडलं नव्हतं. ते म्हणाले, "फोडायचं न्हाय माय. म्या अल्लद उघडतो. एक वरखडा न्हाय उठायचा. हात तुमी घ्या, अन् लाकूड बी जित्तं राहील." अभिमान होता तो, दुसरं काही नाही. हातातली कला दाखवायची जागा ती नव्हती, पण त्यांच्याकडं त्या बाईला द्यायला दुसरं होतंही काय?

वाद्य उघडायची त्यांची रीत ठरलेली होती. सरस गरम ओल्यानं सुटतो. त्यांनी चुलीवर पाणी ठेवलं, फडक्याच्या घड्या वाफेत भिजवून कडेच्या सांध्यावर दाबल्या, आणि गरम केलेली पातळ सुरी इंचाइंचानं आत सरकवत नेली. फडकं थंड झालं की दुसरं. पाऊण तास लागला असेल. धुरपताबाई उभीच होती. पार्वतम्मा तिला पाणी द्यायला उठली, तेही तिनं घेतलं नाही. मी त्या सुरीकडं बघत राहिलो आणि मनात म्हणालो, काय हात आहे माणसाचा. खरोखर एक वरखडा उठला नाही. पाठ पानासारखी सुटून आली.

आप्पांनी ती उलटी केली.

आत पिवळं पाणी होतं. इतका वेळ वाफ त्या बंद पोटात कोंडत होती, आणि हळद-कुंकू आठ महिन्यांचं, लाकडात मुरलेलं नव्हतं, नुसतं बसलेलं होतं. बोटं नव्हती. तळवा नव्हता. एक पिवळा डाग होता, त्याच्या कडेनं तांबडी धार, आणि ती फळी तिरपी झाल्याबरोबर पाणी ओघळून आप्पांच्या मनगटावर आलं.

मी तिथंच पायरीवर बसलो. आप्पा फळी धरून तसेच उभे होते. धुरपताबाईनं पुढं होऊन त्या ओल्या डागावर बोट टेकवलं. बोटाला हळद लागली. ती तिनं पुसली नाही. मग तिनं विचारलं, "दुसरा हात कुठाय?"

दुसऱ्याच दिवशी आप्पा गुलबर्ग्याला निघाले आणि मी शाळेत आजारी असल्याचं कळवून त्यांच्याबरोबर गेलो. वाटेत ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते, की वाफ आत जाणार हे मला माहीत होतं, मग मला कसं सुचलं नाही? मी काहीतरी समजुतीचं बोललो. ते त्यांनी ऐकलं नाही आणि मलाही ते पटलेलं नव्हतं.

मौलासाबांचं घर सापडायला अर्धा दिवस गेला. त्यांच्या गल्लीतल्या चार-पाच घरांना दारं नव्हती. मी पहिल्यांदा ते नुसतं पाहिलं आणि पुढं गेलो, मग चार पावलांवर थांबलो. आप्पाही थांबले होते. उन्हाळ्यात तेरणेकाठी झालं होतं, भाद्रपदात फौजांच्या मागून इथल्या मुसलमानांच्या गल्लीत झालं होतं, आणि लाकूड विकत घेणारे कुठंतरी होतेच.

मौलासाब आम्हाला बघून आधी घाबरले. मग आप्पांनी सगळं सांगितलं. ते ऐकताना मौलासाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आतला हात त्यांनीही पाहिला होता. त्यांना वाटलं होतं की तो कारागिराचा शिक्का असेल. मेंडोलिन आणून त्यांनी आप्पांच्या हातात दिलं. आम्ही उजेडाकडं धरून आत पाहिलं. हात होता. पाचही बोटं शाबूत होती. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथंच हसलो, आणि आप्पांनी माझा खांदा दाबला. परतीच्या मोटारीत ते वाद्य त्यांनी मांडीवर धरलं होतं, कुणाचा धक्का लागू नये म्हणून दोन्ही कोपरं बाहेर काढून.

धुरपताबाईचं गाव गाठायला तिसरा दिवस उजाडला. तिच्या दारावर गोणपाट लावलेलं होतं. बाई अंगणात शेण सारवत होती. आम्हाला बघून तिनं हात धुतले आणि पदराला पुसत आली. या वेळी आप्पांनी काही विचारलं नाही. वाद्य पालथं करून त्यांनी गोधडीवर ठेवलं, पिशवीतून हातोडा आणि कोरडी पटाशी काढली आणि कडेवर घाव घातला. आठही तारा एकदम बोलल्या. मला सुरातलं काही कळत नाही, पण तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. दुसऱ्या घावाला पाठ सुटली. आप्पांनी ती दोन्ही हातांनी उचलून तिच्यासमोर धरली.

हात स्वच्छ होता. हळद कोरडी, कुंकवाची कडा स्पष्ट, करंगळीच्या टोकापर्यंत.

धुरपताबाई बघत राहिली. मग तिनं आपला डावा हात उचलला, त्या हातावर ठेवायला नेला आणि ठेवलाच नाही. वरच धरला.

"ही माजी कस्तुरा न्हाय," ती म्हणाली.

आप्पांना कळलं नाही. मलाही कळलं नाही. मी मूर्खासारखं म्हटलं, बाई, नीट बघा, दोन्ही फळ्या एकाच गाडीत आल्या होत्या. तेव्हा ती सांगायला लागली, अगदी सावकाश, मी ढ मुलाला सांगतो तशी. कस्तुरा आठ वर्षांची असताना कडबा तोडायला बसली होती, तेव्हा विळ्यानं तिच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर गेलं. थापा उमटवला तेव्हा करंगळी आखूडच उमटली होती, आणि सासरचे काय म्हणतील म्हणून बायका हसल्या होत्या. "ह्याची पाची बोटं पुरी हायेत. ही दुसऱ्या कुनाची तरी लेक."

एका गाडीत सात-आठ दारं. मला गणित येतं, तरी एवढा साधा हिशेब मी केला नव्हता. बंडप्पाच्या गाडीत किती घरं होती, आणि त्यातल्या किती घरांत त्या वर्षी लग्न झालं होतं? आणि मग दुसरा विचार आला. दुकानात जो हात वाफेनं धुऊन गेला, तो तरी कस्तुराचा होता का? कस्तुराच्या उजव्या हाताची सगळी बोटं धडच असणार, म्हणजे ओळखायला खूण कुठलीच नाही. बाईनं एका भोकातून तीन बोटं पाहिली होती. तो हात आता कुणीच ओळखू शकणार नव्हतं, तीही नाही.

आप्पांच्या मनातही तेच आलं असणार, कारण ते खाली बसले आणि डोकं जमिनीला टेकवून त्या बाईच्या पायांशी तसेच राहिले. धुरपताबाईनं त्यांना उठवलं. ती म्हणाली की दुकानातला तिचाच होता, मी बघितलाय, त्याची फिकीर करू नका. हे खरं वाटून म्हणाली की आप्पांसाठी म्हणाली, मला ठरवता आलेलं नाही. ती फळी मात्र तिनं आमच्याकडं परत दिली. म्हणाली, "ही जपून ठिवा, आप्पा. हिची आई बी अशीच फिरत असंल."

आप्पांनी दुकान बंद केलं. कुणाशी वाद घालून नाही, घोषणा करून नाही. खुंटीवर तीन अर्धी मेंडोलिनं होती, ती उघडून त्यांनी आतल्या बाजू तपासल्या, कोरड्यानं, आणि पुन्हा जोडली नाहीत. सोलापूरचे बँडवाले दोनदा येऊन गेले. एकानं विचारलं की जुनं लाकूड नको तर नव्या लाकडाचं करा. आप्पा म्हणाले की जमत नाही. पुढं ते नवं बाभळीचं लाकूड घेऊन नांगर आणि कुळव करायला लागले, घरामागच्या अंगणात. मी माझ्या फडताळाच्या झडपा उतरवल्या, आतून बाहेरून पाहिल्या. काही नव्हतं. तरी पुन्हा लावायचं धाडस झालं नाही.

ती हाताची फळी आप्पांनी बंद दुकानाच्या बाहेर, वळचणीखाली, पाऊस लागणार नाही अशी बेतानं ठोकली. पार्वतम्मानं जागा दाखवली, बाईमाणसाच्या खांद्याच्या उंचीवर. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून बायका यायच्या. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असायचं. त्या रस्ता ओलांडून फळीसमोर उभ्या राहायच्या, आजूबाजूला बघायच्या, आणि आपला हात त्या हातावर ठेवून बोटं जुळवून बघायच्या. मी वरून बघत असे. मला सारखं वाटायचं की आता एखादी तिथंच बसेल. तसं कधी झालं नाही. कुणी लगेच हात काढून घ्यायची, कुणी बराच वेळ ठेवायची, आणि मग पिशवी उचलून बाजारात जायची.

मी बावन्न साली बदली होऊन कळंबला गेलो, तोवर फळी तिथंच होती. तिला पाणी लागू नये म्हणून आप्पांनी वरून पत्रा लावला होता, आणि खरोखर थेंबही लागला नव्हता. पण हळद गेली होती. एवढ्या बायकांनी हात ठेवले की त्यांच्या हातांनीच ती पुसून निघाली.